टोमॅटो तळाशी बसलाय, खात नाही (गोल्डफिश, नाशिक)

रेवती_सिडको

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, टोमॅटो म्हणजे आमचा गोल्डफिश. दुसऱ्याचं नाव बटाटा. नावं लेकाने ठेवलीत, तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि ताटातल्या तेवढ्या दोनच गोष्टी त्याला मान्य होत्या.

तर टोमॅटो चार दिवसांपासून कोपऱ्यात तळाशी बसून आहे, पंख अंगाला चिकटवून. रात्री मात्र दोघंही वर येऊन पाण्याच्या तोंडाशी पचपच करत राहतात, लाईट बंद केले की तो आवाज हॉलभर ऐकू येतो. शेपटीत बारीक लाल रेघा दिसतायत. आणि टोमॅटोच्या गालावर रव्याच्या दाण्यासारखे पांढरे ठिपके. दुकानात फोटो दाखवला तर दुकानदार म्हणाला व्हाइट स्पॉट आहे, हे निळं औषध टाका वीस थेंब. टाकलं. पाणी कपड्यांची नीळ घातल्यासारखं झालंय, मासा काही सुधरेना, उलट कालपासून बटाटाही गप्प गप्प. तीन वर्षं झाली दोघांना, आत्तापर्यंत शिंकसुद्धा नाही. लेक शाळेतून आला की आधी दप्तरासकट टँकसमोर जाऊन उभा राहतो. काय करू?

चिवडा_कमी_पोहे

शीर्षक वाचून वाटलं पिंपळगावला भाव पडला :-)

कांदेबहाद्दर

तळाशी बसलाय म्हणजे भावच. लासलगावात या, सगळेच तळाशी बसलेले दाखवतो.

पाटावरवरवंटा

लोकहो, तिचं मूल रडतंय आणि तुम्ही बाजार समिती उघडलीत. रेवती, मला यातलं शून्य कळतं पण जाणकार येतील, धागा वर राहावा म्हणून लिहिलं.

निफाडकर

ताई, हा शंभर टक्के व्हाइट स्पॉट, त्याला इक म्हणतात. यंदा थंडी बघा ना कशी पडली, आमच्याकडे निफाडला तर विचारूच नका. दिवसा ऊन, रात्री गारठा, पाण्याचं तापमान वरखाली झालं की माशाची ताकद कमी होते आणि हा परजीवी बसतो. नुसतं औषध टाकून उपयोग नाही कारण जो ठिपका दिसतो तो कातडीच्या आत असतो, तिथे औषध पोचत नाही. तो दाणा पिकून खाली पडतो, तळाच्या खड्यांत फुटतो आणि त्यातून शेकडो पिल्लं पोहत बाहेर पडतात, औषध चालतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणून ठिपके गेले तरी औषध थांबवायचं नसतं. गार पाण्यात हे चक्र कित्येक दिवस रेंगाळतं, पाणी गरम केलं की पटापट पुढे सरकतं. हीटर लावून हळूहळू २९-३० पर्यंत न्या, एअर पंप जोरात ठेवा कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, आणि मीठ टाका. मी स्वतः एका हिवाळ्यात अकरा मासे घालवलेत, अनुभवाचे बोल आहेत.

सगुणा_६२

आमच्याकडे म्हणतात की घरातला मासा गेला तर घरावरचं संकट स्वतःवर घेऊन गेला. म्हणून फार मनाला लावून घेऊ नका.

चिवडा_कमी_पोहे

सगुणामावशी, मासा अजून आहे हो.

मत्स्यगंधा

निफाडकर, इकबद्दल लिहिलंत ते सगळं बरोबर आहे. पण हा इक आहे का तेच मला अजून ठरवता येत नाहीये. रेवती, घाई न करता एवढं सांग. टँक किती लिटरचा? ठिपके नेमके कुठे आहेत, अंगभर, शेपटीवर, की फक्त गालावर? दोघांना आहेत की एकालाच? मासा खड्यांना अंग घासतो का? गेल्या दोन-तीन आठवड्यांत नवीन मासा, नवीन झाड काही आणलंस का? आणि फिल्टर शेवटचा कधी, कोणी, कशाने साफ केला? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात आधी हवंय.

तोवर खायला काहीही घालू नकोस. गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही. त्याला जठर नसतंच, त्यामुळे तो सदा भुकेला दिसतो, त्या चेहऱ्याला भुलायचं नाही.

आळशी_अभियंता

जठर नाही आणि सदा भुकेला. आमच्या हॉस्टेलच्या रूममेटचं वर्णन.

मिसळप्रेमी

अवांतर: आमच्याकडे काचेच्या गोल बोलमध्ये दोन होते, टीव्हीवर ठेवलेले, महिन्याला एक जायचा की पप्पा नवीन आणायचे, आम्हाला वाटायचं गोल्डफिशचं आयुष्यच महिनाभराचं. नंतर कळलं की नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. तेव्हापासून त्या टीव्हीकडे बघवत नाही.

रेवती_सिडको

ऑफिसमधून आत्ता आले. टॉर्च मारून बघितलं. ठिपके फक्त टोमॅटोला, गालावर म्हणजे कल्ल्यांच्या झाकणावर दोन्ही बाजूंनी, आणि पुढच्या दोन पंखांच्या पहिल्या काडीवर एका ओळीत, अगदी रांगोळीचे ठिपके काढावेत तसे. बाकी अंगावर, शेपटीवर एकही नाही. बटाट्याला एकही नाही. अंग घासताना पाहिलं नाही. नवीन काही आणलेलं नाही. टँक दोन फुटी, साधारण साठ लिटर पाणी बसतं.

फिल्टरचं सांगते. रथसप्तमीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं, त्याआधी घर धुऊन काढलं. त्यात नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, टँकपण साफ करून दिला. साबण नाही लावला, त्यांना तेवढं माहीत आहे. पण फिल्टरचे दोन्ही स्पंज आणि त्या चिनीमातीच्या नळ्या नळाखाली ब्रशने घासून, गच्चीवर उन्हात वाळवून, दुसऱ्या दिवशी बसवल्या. पाणीही सगळं नवीन. बायका म्हणाल्या किती स्वच्छ टँक, आरसाच जणू. स्पंज तर दुकानातून आत्ता आणल्यासारखा दिसत होता.

मत्स्यगंधा

सापडलं.

एक एक करून सांगते. तो ओळीत ठिपके असलेला टोमॅटो नर आहे गं, आणि वयात आलाय. विणीच्या दिवसांत गोल्डफिशच्या नराच्या कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या पंखांच्या पहिल्या काडीवर असेच पांढरे खडे उठतात, हंगाम गेला की जातात. थंडी ओसरून दिवस उबदार व्हायला लागले की हे सुरू होतं. इक असता तर तीन-चार दिवसांत शेपटीवर, पाठीवर कसाही विखुरला असता, आणि एकाच पाण्यातल्या बटाट्याला एकही ठिपका नाही असं फार काळ राहिलं नसतं.

आता मासा सुस्त का. माशाच्या शूतून आणि कल्ल्यांतून अमोनिया येतो, तो त्याच्यासाठी विष. फिल्टरमधल्या स्पंजवर राहणारे एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, ते पण विषच, मग दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी, पाणी बदललं की जातं. ही फौज तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या क्लोरीनने अर्धी गेली, उन्हात वाळवल्यावर उरलेली गेली, आणि चुकूनमाकून कोणी वाचलं असेल तर त्याच्यावर तू निळं औषध ओतलंस. वर येऊन पचपच, लाल रेघा, पंख मिटून तळाशी, सगळं अमोनियाकडे बोट दाखवतंय.

आजच्या आज: एक तृतीयांश पाणी काढ, नवीन पाणी अँटी-क्लोरीन घालून, टँकमधल्या पाण्याएवढंच कोमट करून घाल. एक हात बादलीत, एक हात टँकमध्ये, फरक जाणवता कामा नये. उद्या पुन्हा. परवा पुन्हा. खाणं बंद, एअर पंप चोवीस तास, आणि अमोनिया-नायट्राइटचं थेंबांचं टेस्ट किट आण. हीटरने तीसला नेऊ नकोस, पाणी गरम आणि पीएच चढा असला की अमोनिया जास्त विषारी होतो. पीएच ७ चा ८ झाला तर त्यातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो.

निफाडकर

मत्स्यगंधाताई, तुमचं पटतंय, पण फोटो न बघता इक नाहीच म्हणणं धाडसाचं आहे. दोन्ही असू शकतं ना. माझ्या अकरा माशांच्या वेळी पण सगळे म्हणाले होते पाण्याचा प्रॉब्लेम आहे, थांब, आणि मी थांबलो.

मत्स्यगंधा

असू शकतं. म्हणून तर रोज टॉर्च मारून बघायचंय. एक जरी ठिपका शेपटीवर दिसला तर तुमचा उपाय सुरू करू, मी स्वतः सांगेन. पण इकवर औषध दोन दिवस उशिरा गेलं तर मासा सहसा तग धरतो, अमोनियात दोन दिवस ठेवला तर तुमच्याकडे औषध द्यायला मासा उरत नाही.

आळशी_अभियंता

पाण्याबद्दल दोन शब्द, माझा प्रांत आहे म्हणून. गंगापूर धरणाचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन घालूनच घरी येतं, ते आपल्यासाठी चांगलंच आहे. नुसता क्लोरीन असेल तर बादली उघडी चोवीस तास ठेवली, त्यात एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा बुडबुडे सोडणारा खडा) सोडला तर अजून लवकर, की उडून जातो. घाई असेल तर अँटी-क्लोरीन, तो म्हणजे बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट, जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणायचे तेच, डार्करूमवाल्यांना माहीत असेल. ज्या आठवड्यात सोसायटीची टाकी ब्लीचिंग टाकून धुतली असेल त्या आठवड्यात मात्र सरळ टँकमध्ये नळाचं पाणी घालू नका. आमच्या मजल्यावर एकाने घातलं, सकाळी सगळे आडवे.

कांदेबहाद्दर

म्हणजे आपण रोज तेच पाणी पितो आणि मासे आडवे. कोण कमकुवत ते कळलं.

आळशी_अभियंता

तू ते पाणी पोटात घेतोस, मासा ते कल्ल्यांतून थेट रक्ताशी भिडवतो. फरक आहे बाबा.

रेवती_सिडको

किट आणलं. अमोनिया एकदम हिरवागार आला, तक्त्यावर ४ च्या पण पुढे! पीएच ७.८. घाबरून गेले आहे.

मत्स्यगंधा

थांब थांब. पाणी निळं आहे ना अजून? त्या टेस्टचा मूळ रंग पिवळा. पिवळ्यात निळं पाणी घातलं तर अमोनिया नसला तरी हिरवं दिसणार, चित्रकलेच्या तासाला शिकवलंय ते. दोन-तीनदा पाणी बदलल्यावर आणि फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवून निळा रंग गेल्यावर पुन्हा कर. तोवर आकडा खरा मानू नकोस पण पाणी बदलणं चालूच.

पाटावरवरवंटा

हा धागा मी मासा नसताना रोज उघडतेय.

रेवती_सिडको

तीन दिवसांनी हजर. पाणी आता फिकट आकाशी. अमोनिया २ आला, आणि आज सकाळच्या बदलानंतर १ च्या आसपास. नायट्राइट शून्य. टोमॅटो तळाशीच आहे पण पंख उघडलेत. शेपटीवर ठिपका नाही, निफाडकर, रोज बघते.

एक भानगड झालीये. लेकाने हा सगळा धागा नानांना मोठ्याने वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, जेवून लवकर झोपले. आत्ता माझ्या शेजारी बसलेत आणि त्यांना स्वतः काहीतरी लिहायचंय. टाईप मी करते.

रेवती_सिडको

मी रेवतीचा सासरा. स्पंज मीच धुतला. सातपूरला बत्तीस वर्षं मशीन शॉपमध्ये होतो. कूलंटची टाकी साफ केली नाही की मशीन बोंबलतं, शॉपभर वास सुटतो, हे शिकून आयुष्य गेलं. घाण दिसली की हात आपोआप ब्रशकडे जातो. मला फक्त एवढंच विचारायचं आहे की मग तो फिल्टर आयुष्यात धुवायचाच नाही का? कारण त्याच्यातून जे काळं पाणी निघालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्या पाण्यात मी स्वतः राहिलो नसतो.

मत्स्यगंधा

नाना, नमस्कार. तुमचा प्रश्न या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा आहे. धुवायचा, अगदी महिन्या दीड महिन्याने धुवायचा, फक्त नळाखाली नाही. पाणी बदलताना टँकमधून काढलेलं जे पाणी बादलीत असतं त्याच बादलीत स्पंज दोन-तीनदा पिळायचा, काळं निघेल तेवढं निघू द्यायचं, तपकिरी राहिला तरी तसाच परत लावायचा. चिनीमातीच्या नळ्या नुसत्या हलवून काढायच्या. दोन्ही स्पंज एकाच दिवशी कधीही नाही, एक या महिन्यात, एक पुढच्या. आणि वाळू द्यायचं नाही. कूलंटमध्ये बॅक्टेरिया वाढले की मशीनचं नुकसान, इथे बॅक्टेरियाच मशीन चालवतात, एवढं लक्षात ठेवलंत की झालं. टँकचं काम यापुढे तुमच्याकडेच असू द्या, इतक्या नेटाने करणारा माणूस मिळत नाही.

सगुणा_६२

नाना, आमच्या ह्यांनी पितळी देव चिंचेऐवजी सँडपेपरने घासले होते. तुम्ही काहीच केलं नाहीत.

इंदिरानगर_गप्पी

मी गेले पाच दिवस नुसता वाचतोय, आता राहवत नाही. रेवतीताई, माझा चार फुटी टँक सात वर्षं चालू आहे, वर्षभरात नवीन मासा टाकलेला नाही, आजार नाही. माझ्या फिल्टरमधला एक जुना स्पंज कापून देतो, तो तुमच्या फिल्टरमध्ये नव्या स्पंजाच्या आधी लागेल असा बसवा. सहा आठवडे थांबायचं ते बरंच कमी होईल. मुंबई नाक्याला कुठेही भेटू. फक्त अर्ध्या तासात घरी पोचा, तो ओला आणि हवेशीर राहिला पाहिजे.

मिसळप्रेमी

मुंबई नाक्याला भेटायचं आणि मिसळ न खाता जायचं? तुम्ही नाशिकचे नाहीतच.

रेवती_सिडको

मिसळ नाही खाल्ली, अर्ध्या तासाची अट होती :-) नाना आले होते बरोबर. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टँकच्याच पाण्यात बुडवलेला स्पंज, दिसायला इतका घाणेरडा की विचारू नका. नानांनी डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून घरी आणला, झाकण मध्ये मध्ये उघडून हवा देत. लावला.

कांदेबहाद्दर

लग्नात विरजण देतात तसं झालं हे.

आळशी_अभियंता

लग्नात विरजण कोण देतं?

कांदेबहाद्दर

आमच्या भाऊबंदकीत टाकतात.

वडाळा_गाव_वाला

माझा गोल्डफिश उलटा तरंगतोय, पोट वर. यावर पण तोच उपाय का?

मत्स्यगंधा

नाही, ते वेगळं. पाणी आधी तपासाच. पाणी ठीक असेल आणि पोट फुगलं असेल तर बहुधा बद्धकोष्ठ आणि हवेची पिशवी दबलेली. दोन-तीन दिवस उपास, मग उकडलेल्या मटाराचं साल काढून आतला गर चिमूटभर. तरंगणारे दाणे देत असाल तर आधी भिजवून द्या. खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिले असतील तर मात्र ते जलोदराचं लक्षण, त्यातून क्वचितच वाचतात, उगाच आशा लावत नाही. वेगळा धागा काढा, इथे टोमॅटोचा नंबर आहे.

रेवती_सिडको

आठ दिवसांनी. अमोनिया ०.२५. पण आता नायट्राइट १ दाखवतंय! एक संपलं की दुसरं सुरू.

मत्स्यगंधा

ही चांगली बातमी आहे, पहिली तुकडी कामाला लागली. नायट्राइट रक्तात गेलं की रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, म्हणून आता मीठ, ते नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. आता निफाडकरांचं ऐकायची वेळ.

निफाडकर

आलो! साधं जाड मीठ, लिटरमागे एक ग्रॅम, तुमच्या टँकला साठ ग्रॅम. चमच्याने नाही, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. बादलीत विरघळवून, दिवसभरात तीन भागात घाला, माशाच्या अंगावर खडे पडू देऊ नका. आणि एक गोष्ट सगळे विसरतात, पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. नुसतं कमी झालेलं पाणी भरताना मीठ घालायचं नाही, वीस लिटर काढून वीस भरलं तरच वीस ग्रॅम. मी पूर्वी दर वेळी मूठभर टाकायचो, अकरातले चार बहुतेक त्यातच गेले असतील.

रेवती_सिडको

तीन आठवडे झाले. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, गेले पाच दिवस सलग. दोघंही खातात. नानांनी कॅलेंडरवर पाणी बदलायचे दिवस लाल पेनाने लिहिलेत आणि स्पंज एक, स्पंज दोन अशी पाळी लावलीये.

आता नवीन प्रकार. काल पहाटेपासून टोमॅटो बटाट्याच्या मागे नुसता पळतोय, झाडात ढकलतोय, मला वाटलं भांडणं. नानांनी भिंग लावून बघितलं, झाडाच्या पानांना साबुदाण्यापेक्षा लहान, पारदर्शक दाणे चिकटलेत, पन्नास-साठ तरी. आणि बटाटा ते स्वतःच खात सुटलाय.

चिवडा_कमी_पोहे

बटाटा खात सुटलीये.

मत्स्यगंधा

सुटलीये! मिळालं का उत्तर, निफाडकर? झाड अंड्यांसकट उचलून एका वेगळ्या टबात ठेवा, टँकचंच पाणी, बारीक एअर स्टोन. पांढरी पडलेली अंडी बुरशी धरतात, ती काढत जा. आणि ते दुकानातलं निळं औषध टाकून दिलं नाहीस ना? टबात फिकट निळं होईल एवढे दोन-तीन थेंब. अंड्यांवर बुरशी येऊ नये म्हणून ते वापरतात.

रेवती_सिडको

नाना लिहितायत: बाटली कपाटात आहे. टब नळाखाली धुतलेला चालेल की तोही नाही?